धर्मग्रामातलं ग्राम

आमच्या आजीच्या तोंडी 'चर्च' हा शब्द कधी आला नाही. ती देऊळ म्हणायची. पहाटे देवळाची घंटा, रविवारी देवळात मिस्सा, आणि कुणाची सोयरीक जुळवायची झाली की पहिला प्रश्न, 'मुलगी कुठल्या देवळाची?' उत्तर एका शब्दात यायचं. पापडीची, सांडोरची, नंदाखालची, निर्मळची, आगाशीची. त्या एका शब्दात वाडी, बोली, जात, लग्नात कुठली गाणी म्हणतील, सगळं कळून जायचं. पुढे उपासना मराठीत आली आणि कागदोपत्री 'पॅरिश'साठी 'धर्मग्राम' हा शब्द रुळला. ज्याला कुणाला हा शब्द पहिल्यांदा सुचला त्याला मी मनोमन हात जोडतो. त्यात धर्म आहे आणि ग्रामही आहे, आणि ग्राम म्हटलं की नुसती माणसं येत नाहीत. विहीर येते, बांध येतो, सावकार येतो, शेजारी येतो.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे कोनशिला, वेदी, घंटा आणि आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंची नावं असा रिवाज आहे. ते सगळं देवळाच्या दप्तरात नीट लिहिलेलं आहे. मी इथे धर्मग्रामातल्या दुसऱ्या अर्ध्या शब्दाचा इतिहास लिहितो आहे. एकाच देवळाचा तो लिहिता येत नाही, कारण वसईत कर्ज, पाणी आणि जमीन यांनी देवळांच्या हद्दी कधी पाळल्या नाहीत.

सुरुवात एका अशा माणसापासून करतो जो कधी फादर झाला नाही. गोन्सालो गार्सिया. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेसुइट धर्मगुरूंबरोबर पोरवयातच जपानला गेला, जपानी शिकला, धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात घ्या म्हणाला, ते जमलं नाही. मग व्यापार केला, मनिलाला गेला आणि तिथल्या स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. १५९३ मध्ये तो दुभाषी होऊन त्यांच्याबरोबर पुन्हा जपानला परतला. क्योटोत या मंडळींनी उपासनेच्या जागेबरोबर रुग्णालयही उघडलं, कुष्ठरोग्यांसाठी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये तो संत झाला. आपण त्याच्या सणाला किल्ल्यात जमतो तेव्हा क्रूस आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण कुष्ठरोग्यांची जखम धुणारा वसईचा तो दुभाषी मला त्या क्रुसाइतकाच जवळचा वाटतो. आपल्या धर्मग्रामांनी पुढे जे काही चांगलं केलं ते त्याच जातकुळीचं आहे.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यानंतरच्या शतकभरात इथली बहुतेक जुनी देवळं उभी राहिली. पापडीचं १५७४ चं. पोर्तुगीज काळाबद्दल आपल्या घराघरांत दोन आवाज आहेत, एक अभिमानाचा आणि एक गप्प बसण्याचा. धर्मांतर कसं झालं, कुणी मनापासून स्वीकारलं, कुणी जमीन टिकवायला आणि कुणी भीतीने, या सगळ्याचा हिशेब एका स्मरणिकेत मांडता येणार नाही. पण तो झाकूनही ठेवू नये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ला पडला, पोर्तुगीज आपल्या पाद्र्यांसह निघून गेले, आणि किल्ल्यातली देवळं हळूहळू ओस पडली. त्यांच्या भिंतींतून आज वड-पिंपळ वाढले आहेत. वाड्यांमधली देवळं मात्र टिकली. किल्ल्यातलं देऊळ राजाचं होतं, तो गेला तसं तेही गेलं. वाडीतलं देऊळ शेतकऱ्याचं आणि कोळ्याचं होतं, आणि हे दोघे कुठे जाणार? देवळातले फादरही इथल्या मातीचे आणि गोव्याचे झाले. वसईच्या धर्मग्रामाचा खरा पाया मी त्या पडझडीत धरतो. राजा मागे नसताना ज्यांनी दिवा लावला, त्यांनी ते देऊळ दुसऱ्यांदा बांधलं असंच म्हणायला हवं.

नंतरच्या पावणेदोनशे वर्षांवरून मी भरभर जातो. इंग्रज आले, रेल्वे आली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. वसईची केळी, भाजी, फुलं आणि विड्याची पानं त्या रुळांवरून बाजारात जाऊ लागली. बागायत वाढली तसा पैसा आला. पैसा आला तसं कर्जही आलं, कारण बागायतीला आधी खर्च लागतो आणि उत्पन्न मागाहून येतं. बैल, रहाट, खत, मजूर, मांडवाचे बांबू, सगळं रोख. केळीचा घड कापायला वर्ष जातं. तोवर घर कशावर चालवायचं? सावकाराकडे जायचं आणि उभी बाग लिहून द्यायची.

इथे आपल्या इतिहासातलं सगळ्यात भरीव पान येतं. साल १९१८. युरोपात महायुद्ध संपत आलं होतं, इथे धान्य महागलं होतं, पावसाने दगा दिला होता, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. अशा वर्षी मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस या वसईच्या धर्मगुरूंनी सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. पापडी नाक्यावर आज तिचं मुख्य कार्यालय आहे, ती शेड्यूल्ड बँक आहे, आणि २०१८ मध्ये तिने शंभरी गाठली.

धर्मगुरूने कर्जाचा धंदा का करावा, असं तेव्हाही कुणी विचारलं असेल. त्याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. पहिलं रोममध्ये. तेरावे लिओ या पोपमहाशयांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं आणि मजुरी, मालमत्ता, गरिबांचे संघ हे विषय चर्चने आपले मानले. दुसरं उत्तर जर्मनीतल्या खेड्यांत. तिथे रायफायझन नावाच्या नगराध्यक्षाने एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी पतसंस्था काढल्या होत्या. कल्पना साधी होती. गहाण ठेवायला ज्याच्याकडे काही नाही, त्याची पत म्हणजे त्याला ओळखणारे शेजारी. गावातल्या माणसांनी मिळून जबाबदारी घ्यायची, थोडं थोडं साठवायचं, आपल्यातल्याच एकाला कर्ज द्यायचं, आणि तो ते बुडवणार नाही यावर सगळ्यांनी डोळा ठेवायचा. युरोपात कित्येक खेड्यांत या संस्थांच्या मागे तिथले पाद्रीच उभे राहिले, कारण गावात हिशेब लिहिता येणारा आणि सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस बहुधा तोच असे. हिंदुस्थानात १९०४ च्या आणि मग १९१२ च्या सहकारी कायद्याने असल्या संस्थांना वाट मोकळी झाली. मोनीस फादरांनी त्या वाटेवरून वसईच्या बागायतदाराला नेलं.

आता एक विचार मांडतो, कुणाला पटो न पटो. पतसंस्था वसईत रुजली याचं श्रेय कायद्याइतकंच देवळाच्या रचनेला आहे. ज्या गावात दर रविवारी सगळी माणसं एकाच छपराखाली येतात, बाप्तिस्मा, लग्न, मरण एकाच वहीत लिहिलं जातं, तिथे कुणाची पत काय हे कुणाला विचारावं लागत नाही. वाडीतला गरीब माणूस त्या वहीत श्रीमंताशेजारी लिहिलेला होता. मोनीस फादरांनी त्याचं नाव दुसऱ्या एका वहीतही लिहिलं, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीने किती केळबागा सावकाराच्या दारातून परत आल्या असतील, ते आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होतं.

बँकेइतका गाजावाजा न झालेलं आणखी एक काम आहे. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने चालणारी सभा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. तिचा नियम असा की गरिबाला देवळाच्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, दोघांनी मिळून. वसईच्या देवळांत ही सभा पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. पावसाळ्याआधी कुणाचं छप्पर शाकारायचं, कुणाच्या मुलाची फी भरायची, कुठली म्हातारी एकटी आहे, कुणाचं औषध संपलं आहे, हे त्या बैठकीत ठरतं आणि बाहेर बोललं जात नाही. म्हणूनच तिचा इतिहास लिहिता येत नाही. वडील तिचे सभासद होते. रविवारी दुपारी ते एका काकांबरोबर सायकलने कुठे जातात ते आम्हा मुलांना कधी कळलं नाही. ते गेल्यावर मयतीला आलेल्या एका अनोळखी बाईने सांगितलं, तेव्हा कळलं.

शाळांबद्दलही थोडकंच लिहितो, कारण त्यांच्या स्वतंत्र स्मरणिका निघाल्या आहेत आणि निघतील. देवळाला लागून शाळा हा वसईचा नेम. पापडीच्या थॉमस बाप्तिस्ता शाळेसारख्या शाळांतून सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकली. सिस्टर लोकांनी दवाखाने चालवले. सांडोरजवळ बंगलीला कार्डिनल ग्रेशस यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभं राहिलं. व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल. वसईत कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारा, त्याच्या घरातलं कुणी ना कुणी तरी तिथे जन्मलेलं असतं किंवा बरं होऊन आलेलं असतं.

भाषेकडे मात्र थांबायला हवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला परवानगी दिली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि माणसं आपली जपमाळ ओढत बसायची. मुंबईत ही वाट बहुतेक ठिकाणी इंग्रजीकडे वळली. वसई मराठीकडे वळली, आणि सहज वळली, कारण घरात कादोडी, वाडवळी, कोळी बोली होत्या आणि शाळेत मराठी होती. त्याआधीच, १९५५ मध्ये 'सुवार्ता' मासिक सुरू झालं होतं. एका लहानशा समाजाने आपलं मराठी मासिक सात दशकं चालवावं, ही साधी गोष्ट नाही. त्या पानांतून वसईत कवी झाले, कथाकार झाले, आणि शेतकऱ्याला आपल्या गावच्या प्रश्नावर पत्र लिहायची सवय लागली. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

आता पाण्याविषयी. आमच्या वाडीत बावखल होतं. नव्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे शेतात खणलेलं तळं, विहिरीहून रुंद आणि तलावाहून लहान. खणताना निघालेल्या मातीचा घराला जोता व्हायचा. पावसात बावखल भरायचं, त्याच्या काठाला माड आणि केळी, पाण्यात मासे, कडेला रहाट. बैल गोल फिरायचे, मडक्यांची माळ वर यायची आणि पाणी पाटाने बागेत जायचं. आम्ही मुलं त्यात पोहायला शिकलो. त्याचा खरा उपयोग डोळ्यांना दिसत नव्हता. वसईची पट्टी समुद्राला लागून आहे. जमिनीखाली गोडं पाणी असतं, पण ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दह्यावरच्या सायीसारखं. पावसाचं पाणी बावखलांतून झिरपत राहिलं की ती साय जाड राहते. उपसा वाढला आणि झिरपणं थांबलं, की साय विरते आणि खालचं खारं पाणी वर चढतं. रहाट दिवसाला जेवढं पाणी उपसायचा तेवढं जमिनीला परवडायचं. मग तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप, मग टँकर. वाढत्या इमारतींना पाणी हवं होतं, ते वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरभरून नेलं जाऊ लागलं. बावखलं बुजवून प्लॉट पडले. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी आईने तोंडात घेतलं आणि थुंकलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

ही कहाणी एका घराची नव्हती. १९८८-८९ च्या सुमारास वसईच्या हरितपट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी करण्याचं सरकारी धोरण आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की आता वाड्याच जाणार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता'चे संपादक होते. ते १९८३ पासून त्या खुर्चीत होते आणि २००७ पर्यंत राहिले. नंदाखालचे, बागायतदाराच्या घरातले. त्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मार्कुस डाबरे आणि इतर कितीतरी कार्यकर्ते तिच्यात होते, आणि ख्रिस्ती नसलेले पुष्कळ होते. हे मी मुद्दाम लिहितो. समितीच्या नावात 'वसई' होतं, 'ख्रिस्ती' नव्हतं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, प्रवचनांतून पाण्याचा विषय आला. काही भाविकांना ते खटकलं. वेदीवरून टँकरविषयी बोलायचं का, असं विचारणारी माणसं आमच्या देवळातही होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बाप्तिस्म्याला ज्या गावात गोडं पाणी विकत आणावं लागतं, तिथल्या वेदीवरून दुसरं काय बोलायचं?

ते दिवस भीतीचे होते. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं. जमिनीच्या व्यवहारांत बंदुकीची भाषा आली होती. संध्याकाळी सातनंतर बाया रस्त्याला दिसत नसत. अशा काळात एक धर्मगुरू गुंडगिरीविरुद्ध जाहीर बोलू लागला आणि माणसं त्याच्यामागे रस्त्यावर उतरली. त्या मोर्चांत मी होतो. घोषणा द्यायला घसा आवळत होता. शेजारी एक म्हाताऱ्या मावशी लाल लुगड्यात अनवाणी चालत होत्या. 'काय करतील रे? मला मारतील? मी तशीपण आता देवाकडे चाललीय,' असं त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यानंतर मला घोषणा देता आली.

या लढ्याचा निकाल एका ओळीत सांगता येत नाही. १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. काही हरितपट्टा वाचला, पुष्कळ गेला. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. आमची गावं यातून वगळा, म्हणून वाड्यांतली माणसं पुन्हा रस्त्यावर आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती.

एक कडू गोष्ट या इतिहासात लिहिली नाही तर तो खोटा होईल. जमिनी नुसत्या हिसकावून घेतल्या गेल्या नाहीत. आपण विकल्या. आपल्याच देवळातल्या, पहिल्या बाकावर बसणाऱ्या घरांनी विकल्या. कुणी मुलाला परदेशी पाठवायला, कुणी मुलीच्या लग्नात मांडव मोठा घालायला, कुणी भावाभावांच्या भांडणात. मोनीस फादरांच्या काळात बाग सावकाराकडे जाऊ नये म्हणून माणसं एकत्र आली. तीच बाग आपण स्वतःच्या हाताने दिली, आणि त्या वेळी आपल्याला थांबवणारी कुठलीही संस्था उभी राहिली नाही. बँकेने कर्जाचा प्रश्न सोडवला, पण पैशाची हाव सोडवणारी पतपेढी नसते. तसंच जातीचं. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी हे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात, पण सोयरीक जुळवताना आजही जुने प्रश्न विचारले जातात. आजीचा तो पहिला प्रश्न निरागस नव्हता, हे मला मोठेपणी कळलं.

२२ मे १९९८ रोजी वसई हा मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत झाला. बिशप थॉमस डाबरे पहिले, त्यांच्यानंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो. या बदलाचं एक मोठं फळ माझ्या मते असं की आपली नजर उत्तरेकडे गेली. नव्या धर्मप्रांतात वसईच्या जुन्या, सधन देवळांबरोबर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याचे आदिवासी पाडे आले. एका टोकाला बँक असलेलं देऊळ आणि दुसऱ्या टोकाला शाळेला वसतिगृह नसेल तर मुलं शिकू शकत नाहीत असा मुलूख.

दिब्रिटो फादरांचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते साहित्यामुळे. 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हा मान मिळालेले पहिलेच धर्मगुरू. उस्मानाबादेत फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी ते गेले, बसून बोलले. निवडीवर झालेल्या टीकेने आपल्यातले कित्येक जण दुखावले होते. पण दुष्काळी भागातल्या माणसांनी त्यांना जे प्रेम दिलं, ते वसईने विसरू नये. पाण्यासाठी भांडलेला माणूस पाणी नसलेल्या मुलखाला चटकन ओळखता आला असावा. २५ जुलै २०२४ रोजी, ऐन पावसात, ते गेले.

आता आजचा धर्मग्राम. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातून उठलेली कुटुंबं नालासोपारा-विरारला आली, त्यांच्या मागून कोकण, उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू, केरळ, मंगळूर, गोवा इथली माणसं आली. शहरातल्या देवळांत आता मराठीबरोबर इंग्रजी, हिंदी, कोंकणी, तमिळ मिस्सा होतात. आपल्यातल्या काहींना ही गर्दी खुपते. टँकर, इमारती, कचरा, सगळ्याचा राग शेवटी खोलीच्या भाड्यासाठी दोन पाळ्यांत राबणाऱ्या माणसावर निघतो. मलाही तो राग येत असे. तो निवळला एका कायद्याच्या कलमाने. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात धर्मग्राम ही बहुधा एक भौगोलिक हद्द असते असं म्हटलं आहे, आणि त्या हद्दीतल्या प्रमुख धर्मगुरूने विशेष काळजी कुणाची घ्यावी ते ५२९ व्या कलमात सांगितलं आहे. गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या देशाला मुकलेले. जुन्या वाडीतली घरं त्या यादीत वेगळी लिहिलेली नाहीत. नालासोपाऱ्याच्या चाळीतली बाई त्या यादीत आधी येते, मी नंतर.

व्हिन्सेंट सभेची नवी मंडळी त्या चाळींत जातात, दोघं दोघं. माझा पुतण्या जातो. तो घरी आल्यावर काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

आमचं बावखल अजून आहे. भावाने आणि मी ते बुजवू दिलं नाही, इतकंच आमच्या हातून झालं. विहिरीचं पाणी मात्र पिण्यासारखं राहिलं नाही. घरात नळ आला आहे, त्यातून सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं. आई ते प्यायली आणि म्हणाली, गोड आहे. हे पाणी धामणीच्या धरणातून येतं. ते धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतांसाठी बांधलेलं, आणि त्या भागात असे पाडे आहेत जिथे बाया मार्चपासून डोक्यावर हंडे घेऊन चालतात. ते पाडे आपल्याच धर्मप्रांतात आहेत. त्यांच्या वाट्याच्या पाण्याविषयी आपली देवळं काय करणार, हा विषय पुढच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीसाठी मी लेखी दिला आहे.